आजीची बाई

ती वर थोरल्या बहिणीच्या, ताईच्या घरी चालली होती; लिफ्ट पोहण्याच्या तलावाच्या मजल्यावर थांबली आणि ताईची मुलगी, तिची भाची, एका मैत्रिणीबरोबर आत आली. दोघींचे केस ओले, खांद्यांवर टॉवेल. भाचीची आणि तिची नजरानजर झाली. "काय गं," असं म्हणायला तिनं तोंड उघडलं होतं, तेवढ्यात भाचीनं नजर काढून घेतली आणि बटणांच्या पाटीवर लावली. मैत्रिणीनं तिच्या हातातली पिशवी पाहिली, पायातल्या चपला पाहिल्या आणि आवाज जराही खाली न आणता विचारलं, "ही कोण गं?"

"आजीची बाई," भाची म्हणाली. मग दोघी कुठल्या तरी तिसऱ्याच मुलीबद्दल बोलू लागल्या.

तिचं तोंड उघडं राहिलं होतं, ते तिनं मिटलं. लिफ्टला तिन्ही बाजूंनी आरसे होते आणि त्यांत तिच्यासारख्या पुष्कळ बायका पिशव्या धरून उभ्या होत्या. एकीचाही चेहरा रागावलेला नव्हता. याचंच तिला नवल वाटलं. राग यायला हवा होता. त्याऐवजी काहीतरी गार बोटांपर्यंत आलं आणि पिशवीचा बंद त्यांत रुतला. बाई. लाँड्रीत सगळ्या मुली तिला बाईच म्हणतात. बाई, ही चादर बघा. बाई, वाफ गेली. बाई, उद्या सुटी पाहिजे. बंदरात लागलेल्या जहाजांवरून चादरींचे ढीग येतात, अनोळखी माणसांच्या घामाचे, उलट्यांचे, सांडलेल्या दारूचे, आणि ती म्हणेल ती चादर ती म्हणेल त्या यंत्रात जाते. तिथं कुणी बाई म्हटलं की तिची मान ताठ होते. शाळेत शिकवायच्या त्याही बाईच. शब्द तोच. भाचीनं तो चिमटीत धरून अंगापासून लांब केला होता, मोरीतलं फडकं धरावं तसा.

मैत्रीण मधल्या मजल्यावर उतरली; वर लिफ्ट थांबल्यावर भाची पुढे झाली, किल्लीनं दार उघडून आत गेली. दार तिच्यासाठी धरलं नाही, लावलंही नाही. अर्धवट उघड्या दारातून ती आत शिरली. ताईच्या घरात समुद्र काचेपलीकडे असतो. संबंध भिंतभर काच, आणि तिच्यामागे चापूनचोपून इस्त्री केल्यासारखा निळा कपडा. वास नाही, आवाज नाही. काच उघडतच नाही. पहिल्यांदा आली तेव्हा ती त्या काचेपाशी जाऊन आपलं घर शोधत राहिली होती. डाव्या हाताला बंदरातल्या क्रेन दिसत, काड्यांएवढ्या, आणि त्यांच्या पायथ्याशी तपकिरी डाग. तो डाग म्हणजे तिची वस्ती. तिकडे समुद्र अगदी भिंतीपलीकडे आहे, पण दिसत नाही कुणाला. नाकातून कळतो. डांबर, तेल, भिजलेले दोर, कुजलेलं शेवाळ. खिडकीचे गज हाताला खारट लागतात आणि भिंतींचा रंग पापुद्र्यांनी गळतो. समुद्राच्या इतक्या जवळ राहून तो बघायला इथं, टेकडीवर, यावं लागतं, आणि ते सुद्धा आठवड्यातून एकदा, रविवारी, आईचे केस धुवायला.

आईला नर्सनं हात लावलेला चालत नाही. म्हणजे गोळ्या दिलेल्या चालतात, उठवलेलं-बसवलेलं चालतं. केसांना हात लावलेला चालत नाही. या वयातही केस कमरेपर्यंत आहेत, पांढरे, जड. न्हाणीघरात प्लास्टिकच्या खुर्चीवर आईला बसवून ती पाणी घालू लागली. कोमट पाणी टाळूवर पडलं की आई दर वेळी डोळे मिटून एक हुंकार देते. आजही दिला. "हात गार का गं तुझे?" आई म्हणाली. "असेच," ती म्हणाली. बोटं केसांतून फिरत होती आणि डोक्यात तो शब्द फिरत होता. पोरीनं तो विचार करून म्हटला नव्हता. सवयीनं म्हटला होता. म्हणजे याआधीही कधी म्हटला असणार. म्हणजे या घरात तो रुळलेला होता, ती इथे नसताना, सोफ्यावर, जेवणाच्या टेबलाशी, फोनवर.

वडील क्रेन चालवायचे. त्यांच्या केबिनमधून सगळं शहर दिसायचं, असं ते सांगत. दोघी बहिणींना मांडीवर घेऊन हवेत बोट फिरवायचे. हे आपलं, खालचं. त्याच्या मागे बाजार. बाजाराच्या मागे कारकुनांच्या वसाहती, एकसारख्या, पिवळ्या. मग भराव घातलेली जमीन, जिथं आधी पाणी होतं. आणि मग टेकडी. टेकडीवर कोण राहतं, बाबा? वरची माणसं. ताईनं ती हवेतली रेघ लक्षात ठेवली आणि त्याच क्रमानं ती चढत गेली. जहाज कंपनीच्या कचेरीत दारातल्या टेबलावर बसायची नोकरी, तिथं ये-जा करणारा भराव खात्यातला इंजिनिअर, लग्न. आधी पिवळी वसाहत. तिथं ताईचा आवाज खाली आला. खालच्या वस्तीत माणूस ओरडूनच बोलतो, क्रेनच्या खडखडाटावर आवाज चढवावाच लागतो. पिवळ्या वसाहतीत भिंतीला भिंत लागून कारकून झोपलेले असत. मग भरावावरचा टॉवर. तिथं बाबांचा फोटो दिवाणखान्यातून आतल्या खोलीत गेला. मग टेकडी. इथं फोटो कुठं आहे ते तिला माहीत नाही. प्रत्येक घराबरोबर ताई एकेक गोष्ट मागे टाकत आली आणि ती धाकटी, बारकी, प्रत्येक घराच्या वास्तुशांतीला नवा टॉवेल-सेट घेऊन गेली. लाँड्रीतले नव्हेत, दुकानातले. तरी भावजी एकदा हसत म्हणालेच होते, "जहाजावरचे नाहीत ना हे?" सगळे हसले होते. तीही हसली होती. त्या हसण्याचा आता तिला चीड येण्याइतका स्पष्ट आवाज ऐकू आला.

आई मात्र तिच्याकडेच होती. बाबा गेल्यावर, वर्षानुवर्षं. दोघींच्या खाटा समोरासमोर. मागच्या साली आई जिन्यावरून पडली, कमरेचं हाड मोडलं, आणि ताई मोटार घेऊन आली. "इथं काय ठेवणार तिला? तो जिना बघ. ती ओल बघ." जिना होता, ओलही होती. तिनं आईचं गाठोडं बांधून दिलं. मोटार गल्लीतून निघाली तेव्हा खालच्या मजल्यावरची भोंगा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली होती, "चला, सुटलीस बाई एकदाची." भोंगाचं खरं नाव कुणाच्या लक्षात नाही, बंदराच्या भोंग्यासारखा आवाज, म्हणून भोंगा. त्या दिवशी तिला भोंगाचा गळा दाबावासा वाटला होता, कारण घरात येऊन रिकाम्या खाटेकडे बघताना खरोखरच एक क्षणभर मोकळं वाटलं होतं.

केस पुसून, विंचरून, आईला खुर्चीत बसवून ती स्वयंपाकघरात गेली. ताई फळं कापत होती. "झाली अंघोळ?" ताईनं मागे न बघता विचारलं. "चहा घेशील ना?"

"तुझ्या मुलीनं मला आजीची बाई म्हटलं."

सुरी थांबली. "कुणाला म्हटलं?"

"लिफ्टमध्ये. मैत्रिणीला. माझ्यासमोर."

ताईनं फळाच्या बिया एका बाजूला सारल्या. बराच वेळ सारत राहिली. "तिचं वय बघ ना," ती म्हणाली. "या वयात मुलांना लाज वाटते कशाकशाची. माझीसुद्धा वाटते तिला. मी बोलेन तिच्याशी."

"कशाची लाज वाटते?"

"उगाच शब्दाला शब्द नको वाढवूस, बारके."

"नाही, सांग ना. माझ्या चपलांची वाटते का नोकरीची वाटते? का तिकडं राहते त्याची? तूही तिकडंच जन्मलीस. त्याच खोलीत. त्याच खाटेवर."

"हळू बोल."

हे 'हळू बोल' तिच्या कानशिलात बसलं. लिफ्टमधलं गार काहीतरी आता तापलं, आणि तिला बरं वाटलं. "मी आईला घेऊन जाते," ती म्हणाली. ते वाक्य तिनं ठरवलेलं नव्हतं. पण एकदा तोंडातून निघाल्यावर वाटलं, हेच बोलायला आपण आलो होतो. "आज. आत्ता."

ताईनं तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, दमणूक होती, आणि त्या दमणुकीनं ती आणखीच पेटली. "ने," ताई म्हणाली. "खुर्ची घडी होते. गोळ्या कपाटात आहेत. ने."

आईनं बाहेर बसून सगळं ऐकलं होतं. कपडे बदलताना हात वर करायला सांगितल्यावर वर केला, खाली म्हटल्यावर खाली. नर्सनं चाकांची खुर्ची लिफ्टपर्यंत ढकलली. भाचीच्या खोलीचं दार बंद होतं आणि आतून गाण्याचा धपधप आवाज येत होता. खाली वॉचमननं टॅक्सी बोलावली, खुर्ची डिकीत चढवली. टॅक्सी टेकडी उतरू लागली. दोन्ही बाजूंना उंच कुंपणं, कुंपणांवर लाल फुलांच्या वेली, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही; एका फाटकातून कुत्रा नुसताच बघत राहिला, भुंकण्याचीही तसदी त्यानं घेतली नाही. ती आईचा हात धरून बसली होती आणि मनात बाबांची रेघ उलटी चालली होती. भरावावरचे टॉवर आले, एकाच्या सावलीत दुसरा, सगळ्यांच्या बाल्कन्या रिकाम्या. मग पिवळ्या वसाहती, दोरीवर वाळत घातलेले कारकुनांचे सदरे. तिला उत्साह वाटत होता, एखादी गोष्ट चोरून आणल्यासारखा. खाट आहेच. जिन्यावरून गल्लीतली पोरं उचलून नेतील. दुपारपाळीला लाँड्रीत जाताना भोंगाला सांगायचं, लक्ष ठेव. सगळं होईल. एवढी वर्षं झालंच की.

"तिला काही बोलू नकोस," आई एकदम म्हणाली.

"कुणाला?"

"पोरीला. मीच सांगितलं होतं तिला तसं."

बाजाराच्या तोंडाशी टॅक्सी अडकली होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"खाली बागेत बायका बसतात," आई समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत म्हणाली. "पहिल्या दिवशीच एकीनं विचारलं, मुलं किती तुम्हाला? एक, म्हटलं. कसं तोंडातून गेलं काय माहीत. मग तू यायला लागलीस दर रविवारी. त्या विचारणारच ना, ही कोण. मग पोरीला म्हटलं, बाई आहे म्हणून सांग."

"आणि ताई?"

"ती ओरडली मला. दोन दिवस बोलत नव्हती." आईनं हात सोडवून घेतला आणि मांडीवर ठेवला. "मला तिथं बरं वाटतं गं. पंखा लागत नाही. कुणी भांडत नाही. सकाळी जाग येते ती आपली आपण येते. जन्मभर त्या बंदराच्या भोंग्यावर उठले मी. तुझे बाबा उठायचे, मी उठायचे, तू उठायचीस. मेला भोंगा." मग थोडं थांबून, "तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

तिला काय वाटलं ते तिला कळेना. वाईट हा शब्द फार लहान होता, आणि त्याच्याएवढं सुद्धा काही तिला हाताशी सापडत नव्हतं. बाजारातल्या माणसांची तोंडं काचेला लागून जात होती, प्रत्येक तोंड आत डोकावत होतं, आणि तिला प्रत्येकाचा तिटकारा आला. ड्रायव्हरच्या मानेवरच्या घडीचा आला. आईच्या स्वच्छ धुतलेल्या, अजून ओलसर, साबणाचा वास येणाऱ्या केसांचा आला. ते आपणच धुतले याचा आला. परत वळवा, असं म्हणायचं होतं. पण हट्टानं ती म्हणाली, "सरळ. बंदराच्या भिंतीपाशी डावीकडे."

गल्लीत टॅक्सी शिरली आणि लगेच माणसं जमली. भोंगा पुढे, तिच्यामागे वेल्डर, त्याचे दोन भाऊ, पोरंटोरं. "आजी आल्या! अरे खुर्ची आणा रे! लाकडी आणा, हातांची!" कुणीतरी खुर्ची आणली, कुणीतरी ती फडक्यानं पुसली. वेल्डरनं बाह्या वर केल्या. टॅक्सीचं दार उघडल्यावर आईनं आत, छताजवळची मूठ दोन्ही हातांनी धरली.

"मी उतरणार नाही," आई म्हणाली.

"अहो आजी, चला तर. तुमची खाट आहे तशी आहे," भोंगा म्हणाली आणि तिनं आईच्या दंडाला हात लावला.

"हात लावू नका मला!"

इतक्या मोठ्या आवाजात आई कित्येक वर्षांत बोलली नव्हती. तो आवाज इथलाच होता, क्रेनवर चढणारा. भोंगानं हात मागे घेतला आणि तो कुठं ठेवावा ते न सुचून कमरेला पुसला. वेल्डर बाह्या खाली करू लागला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. ती दार धरून उभी होती आणि सगळी गल्ली आता आईकडे नाही, तिच्याकडे बघत होती. दया नव्हती त्या नजरेत. आपल्याला नको म्हणणारं माणूस कुणी आणलं, असा हिशेब होता. ती आत बसली, दार ओढून घेतलं. "मागे घ्या," ड्रायव्हरला म्हणाली.

टेकडीवर इमारतीच्या फाटकात ताई उभी होती. घरातल्याच कपड्यांत, पायात घरातल्याच सपाता. केव्हापासून उभी असेल कोण जाणे. दोघींनी मिळून आईला खुर्चीत बसवलं, एक शब्द न बोलता, एकीचा हात दुसरीला लागणार नाही अशा बेतानं. "वर चल," ताई म्हणाली. तिनं नाही म्हणून मान हलवली. आई म्हणाली, "पुढच्या रविवारी लवकर ये. आज उशीर झाला, केस वाळले नाहीत." तिनं टॅक्सीचे पैसे चुकते केले. टेकडी उतरून, टॉवरांच्या सावल्यांमधून, पिवळ्या वसाहतींमधून ती चालत घरी आली आणि वाटेत कुणाला धक्का लागला तरी तिनं मागे वळून पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी ती गेली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन वाजे, ताईचं नाव दिसे, ती तो उशीखाली सरकवी. लाँड्रीत तिनं एका नव्या मुलीला घडी चुकली म्हणून सगळ्यांसमोर इतकं बोलून घेतलं की ती पोर रडत वाफेच्या खोलीत जाऊन बसली. तिच्यामागे जावंसं वाटलं, गेली नाही. गल्लीत भोंगा तिच्याशी बोलत नव्हती, किंवा बोलली तर वाकड्यात बोलायची: "काय, टेकडीवरून काय खबर?" तिला वाटे, या वस्तीत आपण जन्मभर राहिलो आणि वस्तीनं आपल्याला कधी जवळ केलं नाही, नुसतं मोजत राहिली. मग वाटे, आपण तरी काय केलं? आपणही त्या काचेपाशी उभं राहून तपकिरी डाग म्हणालोच ना या वस्तीला. आई एकदाच बोलली. आपण मनात दर रविवारी बोलत होतो.

एका रविवारी दुपारी ती खाटेवर पडून होती. खालून बोलण्याचा आवाज आला. भोंगाचा नेहमीचा, आणि दुसरा एक, बारीक, सावध. ती उठून खिडकीच्या कडेला उभी राहिली. गल्लीच्या मध्ये ताई उभी होती. चांगल्या सँडल चिखलात, हातात पर्स पोटाशी धरलेली. चारी बाजूंना माणसं आपापल्या दारांत.

"अशी कुणी इथं राहत नाही," भोंगा सांगत होती. ओळखूनही न ओळखल्यासारखी, जिन्याच्या तोंडाशी आडवी, हात कमरेवर.

"अहो, राहते. याच चाळीत. लाँड्रीत आहे."

"लाँड्रीत पुष्कळ जणी आहेत. तुमचं काम काय? चादरी धुवायच्या आहेत?"

वेल्डरचे भाऊ हसले. ताईनं वर पाहिलं, खिडकीत तिला शोधत. तिचा चेहरा उतरला होता, वय झाल्यासारखा. आईचं काही झालं असेल, हे तिच्या मनात आलं आणि पाय हलले नाहीत. भोंगानं आपली बाजू घेतली, हेही मनात आलं, आणि त्यानं डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचा सुद्धा तिला राग आला. गल्ली आपल्यासाठी दार अडवून उभी आहे. एक शब्द न बोलता राहिलो तर ताई परत जाईल. टेकडी चढेल. सगळं कायमचं निवांत होईल. तिनं गजांवर हात ठेवला, खारट, खरखरीत, आणि खाली वाकून, लाँड्रीतल्या यंत्रांवर चढतो त्या आवाजात विचारलं, "कोण पाहिजे?"

सगळ्यांच्या माना वर वळल्या. ताईनं तिला पाहिलं. "बारके," ती म्हणाली.

"कोण पाहिजे, विचारते मी."

"खाली ये ना. आई जेवत नाहीये. नर्सनं केस कापले तिचे, गुंता झाला म्हणून. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडलीय."

केस. तिच्या बोटांना ते जाणवले, जड, ओले. गज तिनं आणखी घट्ट धरला. "ते नंतर. यांना सांग आधी, कोण पाहिजे ते. भोंगाला सांग."

ताईनं भोंगाकडे पाहिलं, मग आपल्या सँडलकडे. ओठ हलले.

"ऐकू नाही आलं," ती वरून म्हणाली. आपण क्रूर आहोत हे तिला कळत होतं आणि थांबता येत नव्हतं.

"माझी बहीण!" ताई ओरडली. पिवळ्या वसाहतीत खाली आलेला तो आवाज एकदम फुटून वर आला, चिरका, जुना, क्रेनच्या वर चढणारा. "सख्खी बहीण आहे माझी! इथंच जन्मलो आम्ही दोघी, या चाळीत! झालं? आता येतेस का खाली, का सगळ्या शहराला ऐकवू?"

कुणीतरी दार लावून घेतलं. भोंगा बाजूला झाली. ती खिडकीपाशी तशीच उभी राहिली, जिंकल्याचं काहीतरी अंगात उतरेल म्हणून वाट बघत. काही उतरलं नाही. खाली ताई रडत होती, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखी, आणि गल्ली बघत होती. हेच हवं होतं आपल्याला? हेच होतं. आणि आता ते मिळाल्यावर उरलं काय, तर भिंतीकडे तोंड करून पडलेली एक म्हातारी, जिनं आपल्याला नाही म्हटलं आणि आपल्यावाचून जेवत नाही.

तिनं चपला पायात सरकवल्या. जिना उतरून गल्लीत आली तेव्हा ताईनं हात पुढे केला. तो तिनं धरला नाही. "चल," ती म्हणाली आणि ताईच्या पुढे पुढे, तिच्यासाठी न थांबता, ताईनं गल्लीच्या तोंडाशी थांबवलेल्या टॅक्सीच्या दिशेनं चालू लागली.